हिरवंगार तळं: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

मुंबईचे हौशी लोक काचेच्या पेटीत खारं पाणी भरून समुद्री मासे पाळतात आणि काचेवरचं शेवाळ खरवडत बसतात. आमच्या पाबळ गावाला समुद्र नाही, पाऊसही बेताचाच. पण ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल शेततळं सुमारे २२ लाख लिटर पाणी धरतं. एवढी पेटी मुंबईत कोणाकडे आहे?

तळं खोदा, प्लास्टिकचा कागद अंथरा, पाणी भरा. ऊन भरपूर लागू द्या. शेडनेटचं नाव कोणी काढलंच, तर बिल कोण भरणार ते विचारा.

आता खुराक. कांद्याला लागतं तेच शेवाळाला लागतं, नत्र आणि स्फुरद. त्यामुळे वेगळी खरेदी नाही. खत टाकलेल्या वावराचं पाणी तळ्यात उतरेल असा उतार काढा. मग रोहू-कटला सोडा आणि पेंड-कोंडा न मोजता फेकत राहा. माशांनी टाकलेलं तळाशी कुजतं, त्यावर शेवाळाची पंगत बसते. मत्स्यशेतीवाले पाणी मुद्दामच थोडं हिरवं ठेवतात, पण ते कोपरापर्यंत हात बुडवून तळवा दिसतो का पाहतात आणि दिसेनासा झाला की शेणखत बंद करतात. आपण बाही ओली करू नये.

गावातच विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून इथे आले आणि १९८३ साली त्यांनी तो सुरू केला. मुलं तिथे माती तपासण्यापासून वेल्डिंगपर्यंत सगळं हाताने करून शिकतात. अशा ठिकाणापासून लांब राहावं. तिथलं एखादं पोरगं ‘काका, खत किती टाकलं?’ असं विचारायचं. मस्तानीची समाधी पाहायला आलेले पाहुणे मात्र खुशाल तळ्यावर न्यावेत, ते नुसते फोटो काढतात.

पाणी पार हिरवं झालं की शेजारी मोरचूद सुचवतील. किती? ‘टाका दोन-चार मुठी.’ मूठ कोणाची, तळ्यात पाणी किती, असले प्रश्न विचारून चांगल्या माणसाला दुखवू नये. बोअरच्या जड पाण्यात त्यातलं बरंचसं तांबं तळाशी बसतं, गुण येत नाही, म्हणून आणखी टाकायचं. एकदाचं लागू पडलं की जवळजवळ सगळं शेवाळ एका दमात मरतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. पहाटे, जेव्हा तो मुळातच सगळ्यात कमी असतो, मासे वर येऊन आ वासतात. शेवाळ अगदी संपलेलं नसतं, आणि मेलेल्या शेवाळातलं खत उरलेल्यालाच मिळतं. हा भाग मला सगळ्यात आवडतो: पैसे दोनदा जातात आणि पीक एकच येतं.

राहिलं ठिबक. पंपाचा फूटव्हॉल्व्ह ड्रमला बांधून पाण्याच्या दोन-तीन फूट खाली तरंगता ठेवला तर वरची साय आणि तळचा गाळ दोन्ही चुकतात, म्हणून तो तळालाच टेकवा. ड्रिपर बंद पडले की सुईने एकेक टोचत फिरा, तब्येतीला चांगलं. सँड फिल्टर तुंबला तर बॅकवॉश करावाच लागेल. त्यातून निघालेलं हिरवं पाणी बांधावरच्या नारळाला सोडायचा मोह होईल. तो आवरा आणि पाइपाचं तोंड तळ्याकडेच ठेवा.