फेरफार नोंद होऊन मिळणेबाबत

तहसील कचेरीच्या आवारात जांभळीखाली तात्या बसतात. घडीचं टेबल, पत्र्याची पेटी, शाईचा पॅड. व्यवसाय दस्तलेखनाचा. चाळीस वर्षांत निम्म्या तालुक्याची भांडणं त्यांनी शुद्ध मराठीत लिहून दिली आहेत. माणूस येतो तो शिव्या देत. तात्या त्याचं ‘अर्जदारास अतोनात मानसिक क्लेश’ करतात आणि पैसे घेतात.

पेटीच्या तळाशी मात्र एक अर्ज आहे, तो कुठल्याच पक्षकाराचा नाही. ‘प्रति, मा. सरचिटणीस साहेब, संयुक्त राष्ट्रे, मु. पो. न्यूयॉर्क, यांचे सेवेशी. विषय : सुरक्षा परिषदेच्या दप्तरी फेरफार नोंद होऊन मिळणेबाबत.’

जगाची घडी बसवणारी माणसं प्रत्येक तालुक्याच्या गावाला असतात. बहुतेकांना जग बुक्कीनं सुधारायचं असतं. तात्यांना ते अर्जानं सुधारायचं आहे. त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकून रक्त उसळत नाही, फक्त कचेरीची वेळ टळून जाते.

“मास्तर, सनदेचं तेविसावं कलम वाचलंत?” एकदा त्यांनी विचारलं. मी विहीर खोदाईच्या परवानगीसाठी गेलो होतो. “कायम सदस्य कोण कोण लिहिलेत? सोव्हिएत संघ! तो 1991 ला वारला. दुसरं नाव ‘चीनचं प्रजासत्ताक’, म्हणजे जे आज तैवानात आहे ते. 1971 ला खुर्ची पेकिंगकडे गेली, पण कलमात नाव जुनंच. वारसनोंद नाही, फेरफार नाही, नुसती वहिवाट. असा सातबारा घेऊन तुम्ही माझ्याकडे आलात, तर मी तुम्हाला उभं करीन का?”

मी नाही म्हणालो. कलम मी नंतर पाहिलं. तात्यांचं खरं होतं.

आमसभा म्हणजे ग्रामसभा आणि सुरक्षा परिषद म्हणजे पाटलाचं माजघर, हे त्यांचं सूत्र. ग्रामसभेत ठराव होतो, टाळ्या होतात, चहा होतो. क्यूबावरची अमेरिकेची नाकेबंदी उठवा, हा ठराव 1992 पासून आमसभेत जवळपास दरवर्षी मंजूर होतो. 2023 साली तो 187 विरुद्ध 2 असा झाला. नाकेबंदी जागच्या जागी. “एकशे सत्त्याऐंशी!” तात्या बोटं पसरून म्हणतात. “एवढ्या मतांवर आमच्याकडे जिल्हा परिषदेच्या जागेचा निकाल फिरतो.”

आणि सुधारणा का होत नाही? तर कलम 108. दोन तृतीयांश सभासद हवेत, शिवाय पाच कायम सदस्यांतल्या प्रत्येकाची मंजुरी हवी. “म्हणजे ज्याच्या ताब्यात विहीर, त्यानंच वाटणीपत्रावर राजीखुशीनं सही करायची.” परिषद आजवर वाढली ती एकदाच, 1965 साली, अकराची पंधरा झाली. वाढलेल्या चारही खुर्च्या दोन वर्षांच्या बोलीवरच्या. पडवीत सतरंजी वाढवली, माजघरात कोणाला घेतलं नाही. आफ्रिकेत 54 देश आहेत, कायमची खुर्ची एकालाही नाही. भारत आठ वेळा पडवीत बसून आला.

नव्या कायम जागांना विरोध करणाऱ्या देशांच्या गटाला तिकडे ‘कॉफी क्लब’ म्हणतात, असं मी त्यांना सांगितलं. जर्मनी आत जायला नको म्हणून इटली त्यात, भारत नको म्हणून पाकिस्तान. तात्यांना नवल वाटलं नाही. “कॉफी पितात एवढाच फरक. आमच्याकडे त्याला भाऊबंदकी म्हणतात.”

इथवर तात्या करमणूक आहेत. निर्बंधांचा विषय निघाला की मात्र ते चष्मा काढून ठेवतात.

फार वर्षांपूर्वी पलीकडच्या एका वाडीनं एक घर वाळीत टाकलं होतं. पाणी बंद, किराणा बंद, लग्नाकार्याचं बोलावणं बंद. ज्यानं वाडीशी भांडण केलं तो मुलगा मुंबईत नोकरीला. त्याला काही कळलंसुद्धा नाही. गिरणवाला दळण घेईना ते त्याच्या म्हातारीचं. ती जोंधळ्याचं गाठोडं घेऊन तात्यांच्या टेबलाशी बसली आणि त्यांनी फुकट अर्ज लिहिला. तात्यांनी पैसे न घेतल्याची तालुक्याला माहीत असलेली ही एकमेव घटना. आता महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, 2017 पासून लागू, तीन वर्षांपर्यंत कैद. “वाडीनं टाकलं तर गुन्हा,” तात्या म्हणतात, “आणि पाच जणांच्या संमतीनं टाकलं तर सनदेचं कलम 41.”

इराकचं उदाहरण त्यांना पाठ आहे. कुवेत घेतलं 2 ऑगस्ट 1990 ला, चार दिवसांत ठराव 661 आला. तो उठला 2003 च्या मे महिन्यात. मधली जवळजवळ तेरा वर्षं सद्दाम वाड्यातच होता. दळण बंद झालं ते म्हाताऱ्यांचं. बगदादेत मदतकार्य सांभाळणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्याच दोन बड्या अधिकाऱ्यांनी, डेनिस हॅलिडे यांनी 1998 ला आणि हान्स फॉन स्पोनेक यांनी 2000 ला, निषेध म्हणून पद सोडलं. “बिनमुदतीची बंदी घालायला एक ठराव लागतो, आणि उठवायला दुसरा. त्या दुसऱ्याला पाचांतल्या एकाची हरकत पुरते. 661 ला मुदतच नव्हती! आमचा साधा मनाई हुकूम पुढच्या तारखेपर्यंत असतो. तेवढं तरी करा, प्रत्येक ठरावावर तारीख घाला. तारीख उलटली की बंदी आपोआप संपली. हवी असेल त्यानं पुन्हा मतं गोळा करावीत.” त्यांच्या अर्जातली मागणी क्रमांक दोन ती हीच, आणि मला विचाराल तर सबंध अर्जात हीच एक पदरात पडण्याजोगी आहे.

मी एकदा त्यांना पेचात पकडायला गेलो. “पण तात्या, 2019 च्या एक मेला, झेंडावंदनाच्या दिवशी, अतिरेकी मसूद अझरचं नाव निर्बंधांच्या यादीत गेलं, तेव्हा पेढे तुम्हीच वाटलेत ना?”

“वाटले. चीननं 2009 पासून अडवून धरलं होतं ते. पण मास्तर, तिथं एका माणसाचं खातं गोठवलं, त्याचा प्रवास बंद केला. चोराला टाकणं वेगळं आणि चोराच्या गावाला टाकणं वेगळं. पेढा खाल्लात तेव्हा नाही विचारलंत.”

मी गप्प बसलो. पेढा दोनदा घेतला होता.

गेल्या महिन्यात तलाठ्यानं सहज सांगितलं, की तात्यांच्या धाकट्या भावाचा वाटणीचा अर्ज कैक वर्षं पडून आहे. हरकत तात्यांची. कारण विहीर. मी जांभळीखाली गेलो आणि जरा भीत भीतच विचारलं.

तात्यांनी शिक्का पॅडवर दाबला. “तो द्विपक्षीय प्रश्न आहे,” ते म्हणाले. “त्यात तिसऱ्याची मध्यस्थी चालणार नाही.”

न्यूयॉर्कचा अर्ज कोर्ट फीचं तिकीट लावून पेटीत तयार आहे. सातबाऱ्यावर अजून तात्यांच्या वडिलांचं नाव आहे. तेही 1991 सालीच वारले.