हिरव्या ठिपक्याची भानगड

काय सांगू राजेहो, नागपूरच्या वर्धा रोडवरची चांगल्या घरची पोरं शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशीही बोलेनाशी झाली आहेत! मिहान प्रकल्पात टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आले, तेव्हा वाटलं होतं, आता नागपुरी खणखणीत आवाज तिथेही घुमणार. कुठलं काय! "चल बे, चहा घेऊ" हेसुद्धा टाइप होतं, आणि उत्तरादाखल पलीकडून अंगठा येतो. आमच्या वेळी कुणी अंगठा दाखवला की भांडण व्हायचं.

आणि तो ठिपका! ऑफिसच्या गप्पांसाठीच्या मायक्रोसॉफ्ट टीम्स या अ‍ॅपवर नावापाशी हिरवा ठिपका असला, म्हणजे माणूस जागेवर आहे. पाच मिनिटं कीबोर्ड-माउसला हात लागला नाही, की तो पिवळा पडतो. तसल्याच दुसऱ्या अ‍ॅपचं, स्लॅकचं, मन जरा मोठं, ते दहा मिनिटं दम धरतं. म्हणजे तर्री-पोहे निवांत खायचे तर स्लॅकवाल्या कंपनीतच चिकटायला हवं.

आमच्या बिल्डिंगमधले एक जावईबापू घरून काम करतात. उजव्या हाताने जेवतात, डाव्याने माउस फिरवत राहतात. सासूबाई बिचाऱ्या डॉक्टरचा नंबर शोधत होत्या! आता म्हणे माउस आपोआप हलवणारी यंत्रंही मिळतात. हसू नका. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने 2024 मध्ये कीबोर्ड चालू असल्याचं सोंग केल्यावरून डझनभराहून जास्त लोकांना घरी बसवलं.

बरं, या स्लॅकचं कूळ तरी काय? कॅनडाचा स्टुअर्ट बटरफिल्ड आणि मंडळी ग्लिच नावाचा ऑनलाइन गेम बनवत होती. 2012 मध्ये तो बुडाला. आपसांत बोलायला केलेलं साधन तेवढं हाती उरलं. 2020 मध्ये सेल्सफोर्स कंपनीने त्याचाच 27.7 अब्ज डॉलरना सौदा ठरवला! आमची पोरं गेम खेळली की आम्ही उगाच ओरडतो.

यांची भाऊबंदकीही बघण्यासारखी. 2016 मध्ये टीम्स येणार म्हटल्यावर स्लॅकने न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन मायक्रोसॉफ्टचं तोंडभर स्वागत केलं. चार वर्षांत तेच स्लॅक युरोपियन आयोगाच्या दारात: साहेब, हे ऑफिस सॉफ्टवेअरबरोबर टीम्स लोकांच्या गळ्यात मारतात हो!

ते मोठ्यांचं मोठ्यांपाशी. पण ही बाधा आता उंबरठा ओलांडून आत आली आहे. परवा जावईबापूंना बायकोने निरोप टाकला, "येताना संत्री आणा." गृहस्थाने काय उत्तर द्यावं? "नोटेड. सोमवारी अपडेट देतो."

बाई तडक माहेरी, वर्ध्याला. दोन दिवस ऑफलाइन होत्या म्हणे.