झाला याचा नेपोलियन!

कुठलीही बातमी आली की सरांचा शेरा ठरलेला : "झाला याचा नेपोलियन!" सरपंचानं नवी गाडी घेतली, झाला. गणेश मंडळाच्या खजिनदारानं पावतीपुस्तक घरी नेलं, झाला. हा नेपोलियन फ्रान्सचा नव्हे. ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म'मधला डुक्कर. क्रांती झाल्यावर हळूच मालक होऊन बसलेला. १९४५ सालचं हे पुस्तक सरांना तोंडपाठ आहे. ऑर्वेल जन्मला बिहारात, मोतिहारीला, म्हणून "तसा आपल्याकडचाच हो तो." कादंबरीकार अरुण साधू तर परतवाड्याचे, म्हणजे घरचेच. त्यांच्या कादंबऱ्यांवरचा १९७९चा सिनेमा 'सिंहासन' टीव्हीवर लागला आणि शेवटी पत्रकार दिगू टिपणीस वेड्यासारखा हसू लागला की सरही सोबत हसतात. मग काकू टीव्ही बंद करतात.

निवृत्तीनंतर सरांनी वर्ध्यात वाचकमंडळ काढलं. भाड्याची खोली, रविवारी पाच वाजता. भिंतीवर नियमांचा फळा, अक्षर सरांचं. त्या फळ्याखाली उभं राहून सर शिकवतात : 'ॲनिमल फार्म'मधल्या नियमांना रातोरात शेपट्या कशा फुटतात, मारण्यावरची बंदी फक्त विनाकारण मारण्यापुरती कशी उरते. दारूबंदी जाऊन जास्त पिण्यावर बंदी येते, तिथं सगळे खो-खो हसतात. आमचा जिल्हा कागदोपत्री कोरडा आहे.

आमच्या फळ्यावरचा पहिला नियम होता, 'अध्यक्ष दरवर्षी बदलेल.' सध्या पुढे 'सक्षम पर्याय मिळाल्यास' असंही आहे, जरा वेगळ्या रंगात. कोणी लिहिलं, कुणालाच ठाऊक नाही. पण 'क्ष'ला तसा झोकदार फाटा सगळ्या वर्ध्यात एकच माणूस देतो.

सभा संपली की गोरसपाक बिस्किटं. माणशी एक, सरांना दोन. "बोलून बोलून घसा कोरडा पडते ना बाप्पा." डोकं चालवायला लागतं म्हणून डुकरं दूध आणि सफरचंदं स्वतःकडे ठेवतात, हे प्रकरण सरांनी आम्हाला दुसरा गोरसपाक खात खातच समजावलं होतं. फार सुंदर समजावलं, हेही खरं.

एकदा पुलगावहून येणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "सर, जानेवारी १९४८मध्ये गांधीजींनी काँग्रेस विसर्जित करून लोकसेवक संघ करा असा मसुदा लिहिला, हे तुम्हीच सांगितलं. मग आपल्या मंडळाचं काय?"

सरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"काँग्रेसपाशी माणसं होती, बेटा. मी सोडलं तर इथं झाडू कोण मारते?"

यावर ती गप्प. आम्हीही गप्प. कारण सर चारलाच येतात, खोली झाडतात, सतरंजी अंथरतात, माठ भरतात. निम्मं भाडं पेन्शनीतून जातं. प्रत्येक पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर, आणि कोणी हातात घेतलं की "बोटाला थुंकी लावू नको बे!" आषाढात धो-धो पडला की कोणीच फिरकत नाही. त्या दिवशी वहीत नोंद असते : 'उपस्थिती एक. कोरम पूर्ण.' कोरमच्या नियमालाही शेपटी आहे, हे ओघानं आलंच.

मागच्या निवडणुकीत सर पुन्हा बिनविरोध आले. अर्जच एक होता. दुसरा भरायला आम्हाला कोणीही अडवलं नव्हतं. पण अध्यक्षाला चारला यावं लागतं.