लिंबं किती लागतील?

धाराशिवच्या बसस्थानकाजवळच्या टपरीवर परवा वाद पेटला तो एका गाडीच्या चाकावरून. ही गाडी अजून कुणी पाहिलेली नाही. ती कोण बनवणार, कधी येणार, तिचं नाव काय, यातलं काहीच नक्की नाही. चाक मात्र एकवीस इंची, यावर सगळ्यांचं एकमत. प्रश्न एवढाच होता की नवी गाडी तुळजापूरला पूजेला नेली, तर असल्या रुंद चाकाखाली लिंबू एक पुरेल की दोन घ्यावी लागतील.

बातमीचा उगम चाकणचा. टपरीवरच्या गॅरेजवाल्याच्या मामेभावाच्या खोलीत राहणाऱ्या पोरानं तिकडं काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या कागदात गुंडाळलेली एक गाडी जाताना पाहिली. कंपन्या चाचणीच्या गाड्या अशाच झाकून फिरवतात, हे खरं. त्या पोरानं फोटोही काढला. फोटोत एका टेम्पोची मागची बाजू, अर्धं कुत्रं आणि कोपऱ्यात काहीतरी धूसर आहे. त्या धूसरावरून आमच्या मंडळींनी इंजिन, गिअर, सायलेन्सरची नळकांडी आणि छत उघडतं की नाही, हे सगळं काढलं. पांघरुणातून बाहेर आलेल्या अंगठ्यावरून पाहुणा कोणत्या गावचा ते ओळखावं, तसं.

"सातशे हॉर्सपॉवर म्हनायलेत."

"सातशे कुठलं? आठशे. परवाच वाढलंय."

"कुनी वाढवलं?"

"आपूनच की. त्या दिवशी तुमी नव्हता, गुरुजी."

निवृत्त गुरुजींनी चहाच्या कपावर बोटानं हिशेब मांडला. पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढतो, म्हणजे ही गाडी झाली सोळा ट्रॅक्टरची. "मंग बत्तीस ट्रॉल्या लागतील का मागं?" या प्रश्नाकडं जाणकारांनी साफ दुर्लक्ष केलं. गुरुजींचा पिंड अडाणी नाही, फक्त आउटडेटेड आहे, असं नंतर मला हळूच सांगण्यात आलं.

आता, वेगवान गाडीची वाट पाहणं आपल्याला नवं नाही. गोव्यात नव्वदीच्या दशकाअखेर सॅन स्टॉर्म नावाची दोन माणसांची उघडी गाडी निघाली होती. २०१२ च्या ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रियांची अवंती आली, तेव्हा देशाची पहिली सुपरकार म्हणून केवढा गजर झाला! २०१८ साली मुंबईच्या वझीरानींनी इंग्लंडात गुडवूडला 'शूल' दाखवली. नाव शंकराच्या त्रिशुळावरून. आमच्याकडं शूळ उठतो तो पोटात, शेजाऱ्यानं नवी गाडी घेतली की.

पण टपरीचं खरं दैवत म्हणजे टाटांची रेसमो. मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती झळकली. बाराशे सीसीचं टर्बो इंजिन, तेही पाठीमागच्या बाजूला, १९० हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद, शून्य ते शंभर सहा सेकंदांच्या आत, आणि दारं पंखासारखी वर उघडणारी. कंपनीनं ती एका संगणकी खेळातही घातली. पुढं प्रकल्प गुंडाळला. रस्त्यावर गाडी आलीच नाही, खेळात मात्र ती अजून पळते. तिचा खड्ड्यात टायर फुटला नाही, तिला सर्व्हिसिंगचं बिल आलं नाही, तिचा हप्ता थकला नाही. न आलेल्या गाडीइतकी टिकाऊ गाडी जगात नाही.

आलेल्या गाडीचं काय होतं ते पाहा. २०२५ च्या जुलैत एमजीची सायबरस्टर भारतात आली. विजेवर चालणारी, दोन माणसांची, शून्य ते शंभर ३.२ सेकंदांत. येण्याआधी टपरीवर तिचा केवढा दरारा! आली आणि किंमत कळली: पाऊण कोटीच्या घरात. त्या क्षणी ती साधी 'महाग गाडी' झाली आणि चर्चेतून उतरली. गुरुजींनी तिचाही हिशेब केला होता. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे चौदाशे क्विंटल सोयाबीन. एकरी आठ क्विंटल धरले तर पावणेदोनशे एकरांचं पीक. बियाणं, खत, फवारणी, मजुरी फुकट धरून, आणि व्यापारी हमीभाव देईल असंही धरून. त्याच वर्षी सप्टेंबरात परंडा-भूमकडं पुरानं पिकाबरोबर रानातली मातीही नेली. ती यात धरलेली नाही.

वाट पाहण्यात मात्र आमच्या जिल्ह्याचा हात कुणी धरू नये. बार्शी लाईट १८९७ ला कुर्डुवाडीहून निघाली आणि लातूरला पोचली १९११ ला. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची गाडी. चालत्या डब्यातून उतरायचं, हरभऱ्याचा डहाळा उपटायचा आणि त्याच डब्यात पुन्हा चढायचं, असं जुनी माणसं सांगतात. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वे तर आम्ही जाहीरनाम्यांतून इतक्या वेळा ऐकली की तिची शिट्टीही पाठ झाली. आता कुठं कामाला हात लागलेला दिसतोय, आणि तेव्हापासून तिच्याविषयी बोलण्यातली मजाही थोडी कमी झालीय. २०२३ ला उस्मानाबादचं धाराशिव झालं. गाडीवाल्यांच्या भाषेत याला फेसलिफ्ट म्हणतात. नाव नवं, इंजिन तेच.

"सीटा किती हैत?" गुरुजींनी अखेर विचारलं.

"दोन."

"दोनच? मंग आईला, मंडळीला घेऊन तुळजापूरला कसं जायचं?"

टपरी क्षणभर गप्प झाली. सातशे की आठशे यावर तासभर भांडलेली माणसं या एका प्रश्नानं पेचात पडली. शेवटी गॅरेजवाल्यानं तोडगा काढला: "दोन खेपा करायच्या, गुरुजी. शंभरला जायला तीन सेकंद लागायलेत, इथून तुळजापूर हाय किती? आईला सोडायचं, मंडळीला न्यायचं. चहा निवायच्या आत."

"आन् गतिरोधक?"

यावर उत्तर नव्हतं, आणि ते द्यावंही लागलं नाही, कारण कळंबची एसटी लागली. पाऊण तास उशिरा. आठशे हॉर्सपॉवरचे सगळे तज्ज्ञ पिशव्या, खताची पावती आणि एक फवारणीपंप सावरत दाराशी गर्दी करून उभे राहिले. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात गॅरेजवाला पहिला. गाडी हलली तसं त्याला काहीतरी आठवलं. मान बाहेर काढून तो ओरडला,

"गुरुजी, लिंबाचं जाऊ द्या! इंजिन मागं हाय तिचं! नारळ म्होरं फोडायचा का मागं?"

गुरुजी अजून विचार करतायत.