‘मॅनरलेस’ शब्द वापरण्याची रीत

भांडणासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. उद्धट, उर्मट, आगाऊ, शिंगे फुटलेला. पण यांतला एकही उच्चारला की समोरचा बाह्या सरसावतो. अशा वेळी ‘मॅनरलेस’ काढावा. समोरच्याचा पाणउतारा होतो आणि बोलणारा शिकलेला ठरतो. साहेब सहसा ‘इल-मॅनर्ड’ म्हणतो, पण त्याला दादरहून संध्याकाळची कल्याण गाडी पकडायची नसते. ‘मॅनर्सलेस’ म्हटले तरी चालते. जादा ‘स’मुळे दातओठ खाण्याची सोय होते.

सराव दादरलाच करावा. 9 डिसेंबर 2023 पासून तिथे मध्य रेल्वेचे फलाट 8 ते 14 झाले. अजूनही जुना नंबर विचारणाऱ्यावर ‘बोर्ड वाचता येत नाही?’ असे खेकसणारा मॅनरलेस नव्हे. त्याची गाडी सुटत असते. डब्यात तिघांच्या बाकावर चौथी सीट मागताना ‘सरकून घ्या’ म्हणावे. न सरकणारा मॅनरलेस. आपण आधीच बसलेलो असू, तर मागणारा मॅनरलेस. चिंचपोकळीहून उलटे सीएसएमटीला जाऊन खिडकी पटकावणाऱ्याला मात्र हा शब्द लावू नये. तो अनुभवी.

गिरगावच्या चाळीत नियम वेगळे. कोणाच्याही घरात डोकावून ‘आज काय केलंय?’ विचारणे हा शेजारधर्म. भर दुपारी दार लोटून घेणे हा शिष्टपणा. पुनर्विकासात तेच कुटुंब बाविसाव्या मजल्यावर गेले की वर्षभरात उलटापालट होते. आता फोन न करता बेल वाजवणारी शेजारीण मॅनरलेस. दाराच्या भिंगातून तिला निरखून, आवाज न करता परत सोफ्यावर जाऊन बसणे, हे मॅनर्स. लालबाग-परळमध्ये गिरण्यांच्या जागी टॉवर आले तसा या शब्दाचा खप वाढला असावा, असा दाट संशय आहे.

‘लालबागचा राजा’चे मंडळ 1934 चे. तिथे नवसाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहताना कोणी बाजूने आत गेला, तर तो मॅनरलेस. आपल्याला आत सोडणारा कार्यकर्ता असेल, तर त्याला ‘ओळख’ म्हणतात.

घरच्यांवर मात्र हा शब्द जपून वापरावा. वडील म्हणतात तेव्हा तो संस्कार असतो; मुलगा उलट म्हणाला की पुरावा.

रेल्वेच्या 2012 च्या नियमांनुसार आवारात थुंकल्यास 500 रुपयांपर्यंत दंड होतो. थुंकणाऱ्याला ‘मॅनरलेस’ म्हणायला पैसे पडत नाहीत; फक्त म्हणताना दोन पावले मागे उभे राहावे.