फोन खुला, गप्पा कुलूपबंद

जिओफोन आठवतोय? २०१७ साली दीड हजार रुपये अनामत भरून मिळणारा, आकड्यांच्या बटणांचा फोन. त्यातली कायओएस ही प्रणाली मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसमधून निघालेली, म्हणजे तिचा पाया मुक्तस्रोत. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि ज्यांना टचस्क्रीन परवडत नव्हता, तेही घरच्या ग्रुपात आले. जून २०२४ मध्ये कायओएसच्या स्टोअरमधून व्हॉट्सअ‍ॅप काढून घेतलं गेलं. ज्यांच्याकडे ते आधीपासून होतं, त्यांना २०२५ च्या सुरुवातीपर्यंतची मुदत मिळाली. धडधाकट फोन हातात असताना माणसं ग्रुपाबाहेर पडली.

मग कुणी त्या फोनसाठी दुसरं अ‍ॅप का लिहिलं नाही? लिहिणारे आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. पण व्हॉट्सअ‍ॅपच्या शर्तींमध्ये तिऱ्हाइताच्या अ‍ॅपला मज्जाव आहे. खरी मेख इथे आहे. फोनचा पाया कितीही खुला असो, त्यावरचं माणसांचं जाळं एका कंपनीच्या मुठीत असेल तर त्या खुलेपणाचा सामान्य माणसाला उपयोग शून्य.

अँड्रॉइडचंही तेच. गाभा मुक्तस्रोत आहे, कर्नल लिनक्सचा आहे, कुणीही कोड उतरवून घ्यावा, बदलावा. पण त्यावर आपण दिवसभर वापरतो ती फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप ही तिन्ही अ‍ॅपं मेटाची आणि तिन्ही बंदिस्त.

जाणकार हा फरक कसा करतात, ते एफ-ड्रॉइडवर पाहा. २०१० पासून चालणारं, फक्त मुक्त सॉफ्टवेअर ठेवणारं हे अ‍ॅपचं भांडार. तिथे अ‍ॅपच्या पानावरच इशारे छापलेले असतात: हे तुमचा माग काढतं, यात जाहिराती आहेत, हे बंदिस्त सेवेवर अवलंबून आहे. यूट्यूब पाहण्यासाठीचं न्यूपाइप पूर्णपणे मुक्तस्रोत आहे, तरी त्याच्या पानावर हा शेवटचा इशारा आहेच. अ‍ॅप मोकळं आहे, यूट्यूब नाही. एवढा सरळ हिशेब आपल्या धोरणकर्त्यांना मांडता येत नाही, याचा मला राग येतो.

कारण किंमत आपण मोजतो. ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, तिथल्या मराठी कम्युनिट्यांचा गजबजाट संपला. २०२० मध्ये ‘कू’ हे भारतीय समाजमाध्यम आलं, मराठीत लिहा म्हणालं, लोकांनी लिहिलं. जुलै २०२४ मध्ये त्यानेही गाशा गुंडाळला. स्वदेशी कंपनी असल्याने काही फरक पडला का? काडीचाही नाही. मालक एक असला की त्याच्या ताळेबंदावर आपली भाषा टांगलेली राहते.

वाट आहे. जर्मनीत युजेन रोचको यांनी २०१६ मध्ये मॅस्टोडॉन हे समाजमाध्यम सुरू केलं. त्याचा कोड खुला, आणि जानेवारी २०१८ मध्ये वेबच्या मानक संस्थेने मान्य केलेला अ‍ॅक्टिव्हिटीपब हा त्याचा नियमही खुला. सर्व्हर अनेक, चालवणारे अनेक, तरी सगळे एकमेकांशी बोलू शकतात. एखाद्या चालकाशी पटलं नाही तर सेटिंगमध्ये जाऊन खातं दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येतं आणि फॉलोअर मागोमाग येतात. जुन्या पोस्ट मात्र येत नाहीत. ही उणीव आहे आणि ती भरून निघायला हवी.

नोव्हेंबर २०१९ मध्ये वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा अनेक भारतीय मॅस्टोडॉनवर गेले. बरेचसे परतलेही. आपली माणसं जिथे, तिथेच आपण. एकेकट्याने घर बदलून काही होत नाही. म्हणून हे काम संस्थांनी आणि कायद्यानेच करायला हवं.

यूपीआयकडे पाहा. फोनपेवाला गुगल पेवाल्याला पैसे पाठवतो, कुणी अडवत नाही, कारण २०१६ मध्ये नियम सगळ्यांसाठी एक ठरला. पैशाला जी मुभा दिली, ती निरोपाला का नाही? युरोपीय संघाने डिजिटल मार्केट्स कायद्याखाली व्हॉट्सअ‍ॅपला इतर सेवांसाठी दार उघडायला भाग पाडलं. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपचे कोट्यवधी वापरकर्ते आहेत, असा कायदा मात्र नाही.

जर्मनीची सरकारी खाती स्वतःच्या मॅस्टोडॉन सर्व्हरवरून बोलतात. मग महाराष्ट्र शासन, आपली विद्यापीठं, साहित्य संस्था यांनी एक मराठी सर्व्हर चालवायला काय हरकत आहे? कोड फुकट आहे; लागतो तो सर्व्हरचा खर्च आणि सांभाळणारी चार माणसं. पाऊस, पूर, परीक्षा, एसटीचा संप यांची अधिकृत माहिती आधी तिथे द्या, लोक आपोआप येतील.

वाचकांनी तोवर दोन गोष्टी कराव्यात. आपल्या ग्रुपातलं जतन करण्याजोगं लिखाण आणि फोटो आजच बाहेर काढून ठेवा. आणि पुढच्या वेळी मत मागायला कुणी दारात आलं, की त्याला निरोपाच्या यूपीआयबद्दल विचारा.