दहापैकी तीन मार्क

अहो वहिनी, जरा इकडे या भिंतीशी. वाळतील हो कपडे, ऊन कुठे पळून जातंय! शनिवारी फोटोंची प्रदर्शनं बघायला जायचं ठरतंय म्हणे, आणि मला सांगितलं कोणी, तर दूधवाल्याने! बी विंगला कळलं, इस्त्रीवाल्याला कळलं, आम्ही मात्र शेजारी असून कोरडे.

शनिवार ठरवलात ते बरं केलंत. रविवारी आपल्या मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, डोंबिवलीतच फलाटावर दुपार व्हायची. आणि सोमवारी सुट्टी आहे म्हणून ढकलू नका, मॉडर्न आर्टची गॅलरी सोमवारी बंद असते.

सेक्रेटरींनी यादी केलीय ना? पाहिली मी, व्हॉट्सअॅपवर फिरतेय. जहांगीर, मॉडर्न आर्ट, एनसीपीए, म्युझियम, गेटवे आणि येताना राणीची बाग. एका दिवसात! बारशाला जाऊन लग्न आटोपून परतायचं असल्यासारखं. मी सांगते, दोनच ठिकाणं करा. तिसऱ्या दालनात शिरलं की माणसं फोटो बघत नाहीत, खुर्ची शोधतात. आपल्या ग्रुपमधले निम्मे तर गुडघेवाले.

एक जहांगीर. १९५२ पासूनची गॅलरी, दमडीचं तिकीट नाही. तिथली प्रदर्शनं आठवडाभराचीच असतात, म्हणून कुणी गेल्या महिन्यात काय पाहिलं त्यावर जाऊ नका, निघण्याआधी फोन करून चालू काय आहे ते विचारा. आणि दुसरं एनसीपीएचं पिरामल दालन, नरिमन पॉइंटला. ते तर खास फोटोंसाठीच आहे, पण तिथेही आधी विचारून. कुलूप बघायला कोण जातंय एवढ्या लांब!

भाऊजी काय म्हणाले? "मोबाइलवर फुकट दिसतात की"? मग सांगा त्यांना, जहांगीरलाही फुकटच. मोबाइलवर अंगठा थांबतो का हो त्यांचा? भिंतीवरच्या फोटोपुढे माणूस उभा राहतो. शिवाय जहांगीरला फोटो काढणारा बहुतेक वेळा तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो, बिचारा दिवसभर वाट बघत, कुणीतरी बोलेल म्हणून. आणि आपली माणसं काय करतात? त्याला वळसा घालून पुढे. किंमत विचारावी लागेल ही भीती! अहो, घेणार नसलात तरी विचारा, हा उजेड कुठल्या वेळचा, किती दिवस थांबलात. खुलतात ती माणसं. मला विचाराल तर प्रदर्शनाला जायचं ते त्यासाठीच. नाहीतर अभिप्रायाच्या वहीत "खूप छान" लिहून बाहेर.

आणि आपल्या पहिल्या मजल्यावरच्या काकांचं ऐकलंत का? मागे एका प्रदर्शनात एका फोटोखाली पेन्सिलीने तीन भागिले दहा लिहिलं होतं. काका मोठ्याने म्हणाले, "चांगला आहे की हो, दहापैकी तीनच मार्क का दिले?" तो फोटोवाला शेजारीच उभा! त्याने शांतपणे समजावलं, या फोटोच्या दहाच प्रती काढायच्या ठरवल्यात, त्यातली ही तिसरी. संपल्या की संपल्या, म्हणून तर किंमत तेवढी. काकूंनी मग घरी येईपर्यंत काकांशी एक शब्द काढला नाही.

साडीत एवढं चालणं जमेल का म्हणता? अहो, त्या होमाई व्यारावाला साडी नेसून फोटो काढत फिरायच्या, तेही जड स्पीड ग्राफिक कॅमेरा घेऊन. नवसारीच्या पारशी कुटुंबातल्या, शिकल्या आपल्या मुंबईत, जे. जे. मध्ये. दिल्लीत नेहरूंपासून सगळ्यांचे फोटो काढले. गाडीचा नंबर डीएलडी १३, म्हणून टोपणनाव डालडा १३! आणि बाणा बघा, नव्या फोटोवाल्यांची वागणूक पटेना तेव्हा १९७० मध्ये कॅमेरा ठेवला तो ठेवलाच. २०११ मध्ये पद्मविभूषण आलं दारात. तुम्हाला सीएसएमटीहून जहांगीरसाठी काळा घोड्यापर्यंत चालणं जड जाणार?

तरी पाय दुखत असतील तर आता भुयारी मेट्रो आहे, सीएसएमटीला बसलं की पुढचंच स्टेशन हुतात्मा चौक. भेटायची खूण म्हणून तिथला घोड्याचा पुतळाच ठेवा. तो जुना नव्हे हो! घोड्यावरचा एडवर्ड राजा १९६५ मध्येच राणीच्या बागेत गेला. आता आहे तो २०१७ मधला, स्वार नसलेला. सेक्रेटरी म्हणतील, राजाच्या पुतळ्याखाली भेटू, आणि अर्धी माणसं भायखळ्याला उतरतील.

खाण्याचं मात्र नीट ठरवा. जहांगीरमधलं समोवार कॅफे २०१५ मध्येच बंद झालं, तिथल्या चहाच्या आठवणी काढत बसायला आपल्या वन्संना नेऊ नका. डबे न्या म्हणावं तर गॅलरीत उघडता येत नाहीत. त्यापेक्षा उतरल्याबरोबर सीएसएमटीसमोर पंचममध्ये पुरी-भाजी हाणायची आणि मग फोटो. भरल्या पोटी माणूस दुसऱ्याच्या कामाला नावं कमी ठेवतो.

पैसे भिशीतून काढू नका बरं. मागच्या सहलीचा हिशेब अजून लागलेला नाही, कुणाकडे अडकलाय ते तुम्हालाही माहीत आहे, मी नाव घेत नाही. ज्याचं तिकीट त्याने काढावं. आणि सेल्फी स्टिक घरी ठेवायची अट मात्र लेखी टाका ग्रुपवर. माझ्या नावाने नको, तुमच्या नावाने टाका.